हातमोजे चढवण्याआधीची दोन वाक्यं

प्रति,
मुंबईतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र विभागांचे प्रमुख आणि तिथे शिकवणारे सर्व डॉक्टर

सविनय नमस्कार.

मी निवृत्त परिचारिका. मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांत एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची चौदा वर्षं गायनॅक ओपीडीत. तुमचे विद्यार्थी आयुष्यातलं पहिलं पर स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडून आत बघायची तपासणी, करायला माझ्याच टेबलाशी यायचे. ट्रे लावायचा, पडदा ओढायचा, बाईला टेबलावर चढवायचं आणि मग तिच्या उशाशी उभं राहायचं, हे माझं काम. तुम्ही पायथ्याशी स्टुलावर बसलेले असता. तुम्हाला पिशवीचं, म्हणजे गर्भाशयाचं, तोंड दिसतं. मला त्या बाईचं तोंड दिसायचं. हे पत्र मी तिथून लिहिते आहे.

एक सकाळ सांगते. साडेअकरा वाजले असतील, बाहेर बाकांवर जागा नव्हती. गोवंडीहून आलेली पन्नाशीची बाई. अंग बाहेर येत होतं, म्हणजे पिशवी खाली सरकली होती. आठ वर्षं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. पाण्याचे हंडे उचलता उचलता त्रास इतका वाढला की बसवेना, तेव्हा केस पेपर काढला. रजिस्ट्रारला, म्हणजे तिथल्या निवासी डॉक्टरला, एवढंच म्हणाली, "खाली काहीतरी येतं." रजिस्ट्रारनं तिला आत घेतलं, पाय स्टिरपमध्ये अडकवले, आणि तेवढ्यात सर सहा विद्यार्थी घेऊन पडद्याच्या आत आले. "या, प्रोलॅप्स आहे, चांगली केस आहे, बघून घ्या." मग तिला म्हणाले, "मावशी, खोका." ती खोकली. "अजून जोरात." ती अजून जोरात खोकली. चौघांनी एकामागून एक हातमोजे चढवून तपासलं. तिसरा मुलगा होता, त्याचा हात थरथरत होता. पहिला हात लागला तेव्हाच तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. चौथी विद्यार्थिनी उठेपर्यंत तो तसाच दातांत होता. आवाज काही तिनं केला नाही.

त्या दहा मिनिटांत तिच्या आजाराबद्दल भरपूर बोलणं झालं. सगळं इंग्रजीत, तिच्या गुडघ्यांच्या मधून. खाली उतरल्यावर निऱ्या सारख्या करत तिनं मला विचारलं, "सिस्टर, मला झालंय काय?"

तिला ऑपरेशनची तारीख दिली होती. त्या तारखेला ती आली नाही. घरची अडचण असेल, पैशांची असेल, मला माहीत नाही. पण तो पदराचा बोळा मी पाहिला होता.

सर, मॅडम, त्या पडद्याआड कुणीही दुष्ट नव्हतं, हे मी मुद्दाम लिहिते. ते सर उत्तम सर्जन होते. अवघड बाळंतपणात त्यांना मध्यरात्री बोलावलं तरी पंधरा मिनिटांत हजर असायचे. त्यांना त्यांच्या सरांनी असंच शिकवलं होतं. आणि तो थरथरत्या हाताचा मुलगा दुपारी ड्रेसिंग रूममध्ये मला शोधत आला. म्हणाला, "सिस्टर, मी त्यांना दुखवलं का?" हा प्रश्न त्याला सरांना विचारावासा वाटला नाही. त्याच्या लॉगबुकातही त्या प्रश्नाला जागा नव्हती.

आता जागा आहे असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरंच आहे. २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला, एटकॉम नावाचा नवा भाग आला. वागणूक, नीती, संवाद हे शिकवायचे विषय ठरले, याचा मला मनापासून आनंद झाला. पण संवाद शिकवला जातो लेक्चर हॉलमध्ये. एक मित्र पेशंट होतो, दुसरा डॉक्टर होतो, शेवटी टाळ्या पडतात. तपासणी शिकवली जाते ओपीडीत, गर्दीत, घाईत. एका पानावर बोलण्याची सही, दुसऱ्या पानावर हाताची सही. आणि मुलं शेवटी उचलतात ते पडद्याआड सर जे करतात तेच.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही दोन कामं नाहीत. बोलणं हा तपासणीचाच भाग आहे, आणि तो हातासोबत, त्याच टेबलाशी, त्याच शिक्षकानं शिकवला पाहिजे. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. घाबरलेली बाई मांड्या आवळते, कंबर उचलते, खालचे स्नायू घट्ट होतात. मग कस्को, म्हणजे आत घालून उघडायचं ते अवजार, आत जाताना दुखतं, ती आणखी आवळते, पिशवीचं तोंड दिसतच नाही. पोट ताठ असलं की दोन्ही हातांनी तपासूनही पिशवी केवढी आहे ते कळत नाही, बाजूची गाठ तर हाताला लागतच नाही. केस पेपरवर मात्र "एनएडी", म्हणजे काही दोष आढळला नाही, असं लिहून मोकळे. जिला आधी नीट सांगितलं आहे तिचं पोट मऊ असतं. तुमच्या बोटांना जे कळायला हवं ते त्या मऊ पोटातच कळतं.

नीट केलेलं कसं दिसतं तेही मी पाहिलं आहे. लातूरकडचा एक हाऊसमन, म्हणजे नवा निवासी डॉक्टर, आमच्याकडे होता. बाई अजून कपड्यांत, खुर्चीवर बसलेली असतानाच तो स्टूल ओढून तिच्या समोर बसायचा. आपलं नाव सांगायचा. "काकू, लघवीला जाऊन आलात ना? आता मी आतून तपासणार. हे बघा, हे असं असतं," म्हणून कस्को तिच्या हातात द्यायचा. बायका तो उघडून मिटून पाहायच्या. "सिस्टर इथंच थांबणारेत. तुम्ही थांब म्हणालात की मी थांबेन. करू का?" ती हो म्हणाली की मग पडदा. पडद्याची फट बुजवायला त्यानं खिशात कपड्यांचे दोन चिमटे ठेवले होते. कमरेपासून गुडघ्यापर्यंत चादर. कस्को कोमट पाण्याखाली धरायचा आणि आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायचा. पहिला स्पर्श मांडीला, हाताच्या मागच्या बाजूनं, "आता हात लावतोय" असं सांगून.

एकदा एक बाई खरंच "थांबा" म्हणाली. तो थांबला. हात बाहेर काढला, चादर खाली ओढली, काही बोलला नाही. अर्धं मिनिट गेलं असेल. मग तीच म्हणाली, "हं, करा आता." त्या दिवशी तिच्या पिशवीच्या तोंडावरचा जो पॉलिप सापडला तो त्याआधी दोन ठिकाणी कुणाला दिसला नव्हता. आणि निदान तो हाऊसमन सांगायचा ते बाई उतरून, साडी नेसून पुन्हा खुर्चीवर बसल्यावर. उघड्या अंगानं आडव्या पडलेल्या माणसाच्या कानात काहीही शिरत नाही. मी स्वतः तशी पडले आहे, म्हणून सांगते.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मला फायब्रॉइडचा त्रास सुरू झाला, अंगावरून फार जायचं. ओळखीच्या लोकांत नको म्हणून दुसऱ्या रुग्णालयात गेले. टेबलावर घेतल्यावर मॅडमनी मागे वळून तिघा विद्यार्थ्यांना बोलावलं, मला न विचारता. इतकी वर्षं मी बायकांच्या उशाशी उभी राहून म्हणत होते, नको असेल तर सांगा हो. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. छतावरच्या पंख्याची पाती मोजत पडून राहिले. नर्सला जे जमलं नाही ते गोवंडीच्या बाईला जमेल असं तुम्ही धरून चालू नका. ती गप्प आहे म्हणजे तिची हरकत नाही, असा अर्थ काढू नका.

भाषेचंही बघा. पुस्तकात "योनी" आहे. परळच्या चाळीतली किंवा मानखुर्दची बाई हा शब्द उच्चारत नाही. ती "खालची जागा" म्हणते. "अंगावरून पांढरं जातं," "पाळी अंगावर फार जाते," "अंग बाहेर येतं," "पिशवीला सूज आहे का," असं बोलते. तुमचे विद्यार्थी नीट या प्रवेश परीक्षेच्या रँकवर देशभरातून येतात. मराठी घरातली मुलंसुद्धा इंग्रजी शाळांतून आलेली असतात, हे शब्द त्यांच्या कानावरून कधी गेलेले नसतात. म्हणून ती एक तर गप्प बसतात, नाही तर वॉर्डात जे ऐकू येतं ते उचलतात. "पाय फाक." "नाटक करू नको." आणि लेबर रूममधलं ते वाक्य, नवऱ्याजवळ जाताना लाज वाटली नाही का. हे मी सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकलं आहे, आमच्या सिस्टर लोकांच्याही, आयांच्याही. त्यात आमचाही दोष आहे, मी तो लपवत नाही. शब्द शिकवले नाहीत की असे शब्द आपोआप शिकले जातात.

"रिलॅक्स, रिलॅक्स" म्हणून एकही बाई सैल पडलेली मी पाहिली नाही. "कंबर टेबलाला टेकवा, तोंडानं हळू श्वास सोडा," याचा उपयोग होतो. आणि एक प्रश्न तर बदलायलाच हवा. "लग्न झालंय का?" हा प्रश्न विचारून तुम्हाला कळून घ्यायचं असतं भलतंच. अठरा-वीस वर्षांची मुलगी आईसोबत आलेली असते, ती नाही म्हणते, आणि पुढचं सगळं चुकतं. आईला दोन मिनिटं बाहेर बसवा, आणि सरळ, हलक्या आवाजात विचारा, "कधी शरीरसंबंध आलेत का? हे आपल्या दोघींतच राहील." आले नसतील तर आतून तपासायची घाई कशाला, सोनोग्राफी आहेच.

बायकांच्या संकोचाला या शहरानं कधीकाळी फार गांभीर्यानं घेतलं होतं. पुरुष डॉक्टरांना अंग दाखवायला बायका तयार नव्हत्या, दुखणं अंगावर काढून मरत होत्या. त्यांना अडाणी म्हणून सोडून देण्याऐवजी मुंबईच्या लोकांनी निधी उभा केला, पेस्तनजी होरमसजी कामा यांनी देणगी दिली, विलायतेहून एडिथ पीची या डॉक्टरीणबाई आल्या आणि १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झालं. रखमाबाईंनी शिकून आल्यावर तिथे काम केलं. सीएसएमटीच्या जवळून जाताना मला दरवेळी वाटतं, ही एवढी इमारत एका "नको"चा मान राखायला बांधली.

आणि अलीकडचं उदाहरण तर तुमच्या शेजारचं, परळचं. टाटा मेमोरियलनं १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी केली. पिशवीच्या तोंडाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून साध्या डोळ्यांनी बघायचं, दर दोन वर्षांनी. सोबत स्तनांची हातानं तपासणी. हे कुणी केलं? दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी. तपासणीच्या गटात सुमारे ७५ हजार बायका होत्या, आणि त्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. त्या सेविका आधी वस्तीत गेल्या, कशासाठी ते समजावून सांगितलं, मग टेबलापाशी बोलावलं. डॉक्टरी ज्ञानात तुमचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही त्यांच्या पुढे असेल. पण ज्या बाईला त्यांनी तपासलं ती दोन वर्षांनी पुन्हा आली, म्हणून तर जीव वाचले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत दोघींचीसुद्धा ही तपासणी कधी झालेली नव्हती. याची कारणं पुष्कळ आहेत. पण एका बाईला टेबलावर जे सोसावं लागतं ते संध्याकाळी नळावर तिच्या चार शेजारणींना कळलेलं असतं, एवढं मी खात्रीनं सांगते.

विचारलं तर बायका नाही म्हणतील, मग आमची मुलं शिकणार कुठे, ही तुमची अडचण मला ठाऊक आहे. काही महाविद्यालयांत एका वर्षाला अडीचशे मुलं. पण माझा अनुभव वेगळा आहे. आडवी पडल्यावर, सहा जण भोवती असताना विचारलं तर ती घाबरूनच मान हलवते, ते विचारणं झालंच नाही. बसलेली असताना, कपड्यांत असताना, "हा शिकतोय, मॅडम सोबत आहेत, एकालाच बघू देऊ का, नको म्हणालात तरी तुमचे उपचार तसेच होतील," असं विचारलं की बऱ्याच जणी हो म्हणायच्या. "शिकू द्या पोराला, उद्या कुणाच्या लेकीला उपयोगी पडेल," हे मी किती वेळा ऐकलं आहे. कुणी म्हणायच्या, मुलगी चालेल, मुलगा नको. ठीक आहे, मुलगी पाठवा. कुणी नाहीच म्हणायच्या. त्यांना आपण नाही म्हणू दिलं पाहिजे, आणि त्यानंतर आपला चेहरा बदलता कामा नये. टीचिंग हॉस्पिटलचा केस पेपर काढला म्हणजे अंगाची परवानगी दिली असं होत नाही.

ऑपरेशन थिएटरमध्ये तर विचारायला समोर जागं माणूसच नसतं. भूल दिल्यावर स्नायू सैल असतात, शिकायला सोपं, म्हणून "या, हात धुऊन या, एकेक जण बघा." अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या सरकारनं रुग्णालयांना बजावलं की भुलेखाली विद्यार्थ्यांनी अशी तपासणी करायची तर रुग्णाची आधी लेखी संमती हवी. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलं आहे की एका गोष्टीला दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही. मग आपल्या संमतिपत्रात मराठीत आणि हिंदीत एक वेगळी ओळ घालायला काय हरकत आहे? आदल्या संध्याकाळी, वॉर्डात, वाचून दाखवायची. एक खूण, हो किंवा नाही.

लेबर रूमबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना २०१८ पासून सांगते की सगळं सुरळीत असलेल्या बाईला कळा सुरू असताना आतून तपासायचं ते साधारण चार तासांनी, आणि जिथे तपासणारे अनेक असतात तिथे एकूण तपासण्या कमी ठेवायच्या, कारण जंतुसंसर्ग. आमच्याकडे इंटर्न करतो, मग हाऊसमन खात्री करतो, मग रजिस्ट्रार, आणि पोस्टिंगवरचे विद्यार्थी वेगळेच. एकाचं निदान दुसऱ्यानं कागदावरून वाचावं.

पुरुषांचंही हेच आहे. सर्जरी वॉर्डात हर्नियाला "खोका", प्रोस्टेटला गुदद्वारातून तपासणी, हायड्रोसीलच्या सुजेवर चार-चार बॅटऱ्यांचे झोत. सत्तरीचा आजोबा भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो, त्याला कुणी आजोबासुद्धा म्हणत नाही.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. पुरुष डॉक्टर बाईला तपासत असेल तर तिथे दुसरी स्त्री हजर असावी, असं तीत लिहिलं आहे. म्हणजे मी. पण एक सिस्टर, तीन टेबलं, मध्ये नुसते पडदे, अशी माझी हजेरी असायची. आणि हजर असून मी काय करू शकत होते? त्या सकाळी तिसरा मुलगा स्टुलावर बसला तेव्हा "सर, आता पुरे" हे तीन शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. म्हणाले नाही. याची टोचणी मला आजही आहे. म्हणून मागते आहे: उशाशी उभ्या असलेल्या सिस्टरला थांबवण्याचा अधिकार द्या, लेखी द्या, आणि पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांसमोर तो तोंडी सांगा. आणि परीक्षेत, ज्यानं नाव सांगितलं नाही, विचारलं नाही, थांबला नाही, त्याचं निदान अचूक असलं तरी त्याला पास करू नका. मुलं परीक्षेत येतं ते शिकतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

हे अशक्य आहे असं म्हणू नका. आपल्याच आरोग्य विज्ञान विद्यापीठानं २०१९ मध्ये न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमातून कौमार्याची लक्षणं शिकवणारा भाग काढला, सेवाग्रामच्या एका प्राध्यापकांनी तो शास्त्राला धरून नाही हे दाखवून दिल्यावर. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बलात्कारपीडितेची टू फिंगर टेस्ट, म्हणजे दोन बोटं आत घालून तपासणी, करणाऱ्याला गैरवर्तणुकीचा दोषी धरलं जाईल असं सांगितलं. पिढ्यान् पिढ्या शिकवलेलं बदलता येतं.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९७० च्या दशकापासून प्रशिक्षित स्त्रिया स्वतःच्या शरीरावर विद्यार्थ्यांना ही तपासणी शिकवू लागल्या. आता जरा वर, आता दुखलं, हे शब्द असे बोला, असं त्या तिथल्या तिथे सांगतात. आपल्याकडे हे आज होईल असं मला वाटत नाही. पण तुमच्या स्किल लॅबमध्ये रबराचं मॉडेल आहे. ते मांड्या आवळत नाही आणि काही विचारतही नाही. त्या मॉडेलच्या उशाशी एक जिवंत बाई बसवा. खाली विद्यार्थ्यानं हात मॉडेलवर चालवायचा, वर बोलायचं तिच्याशी.

त्यासाठी आम्ही यायला तयार आहोत. माझ्यासारख्या पाच निवृत्त सिस्टर आहेत, तिघी मराठी, एक गुजराती, एक मल्याळी जिला बंबइया हिंदी आपल्यापेक्षा छान येतं. मानधन नको, नाश्त्याची सोय झाली तर बरं, दोघींना शुगर आहे. बुधवार सोडून कुठलाही दिवस चालेल, सकाळी नऊला पोचू. बायका काय काय म्हणतात ते आम्हाला तोंडपाठ आहे. "किती जण येणार?" "तो मुलगा पण थांबणार का?" "पाळी चालू आहे, चालेल ना?" "दुखेल का हो?" हे आम्ही विचारू, आणि उत्तर येईपर्यंत हातमोजे चढवू देणार नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
लालबाग, मुंबई